घरच्या स्विमिंग पूलची निगा: ठाणे आणि नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येऊरच्या पायथ्याचे बंगले, घोडबंदर रोड, कोलशेत, खाडीपलीकडे बेलापूर-खारघरच्या रो-हाउसमागचे लहान पूल, अशा ठिकाणी मी बरीच वर्षं पाण्याचं काम करतो. फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि पंपरूमच्या दारात उभं राहून लोक जे विचारतात, ते इथे लिहून काढलं आहे. हिशेब कळायला सोपा जावा म्हणून सगळीकडे एकच नमुना पूल धरलाय: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उथळ टोकाला १ मीटर आणि खोल टोकाला १.८ मीटर. तुमचा लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

माझ्या पूलमध्ये पाणी किती आहे, हे कळून उपयोग काय?

हा आकडा माहीत नसेल तर बाकी सगळं अंदाजपंचे चालतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. नमुना पूलची सरासरी खोली १.४ मीटर, म्हणून ८ × ४ × १.४ = ४४.८ घनमीटर. एका घनमीटरमध्ये हजार लिटर, म्हणजे ढोबळ ४५,००० लिटर. दहा हजारी टँकरच्या भाषेत साडेचार टँकर.

आता लक्षात ठेवायची एकच गोष्ट: हजार लिटर पाण्यात १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. या पूलमध्ये क्लोरीन १ पीपीएमने वाढवायचा असेल तर ४५ ग्रॅम निव्वळ क्लोरीन लागतो. मी प्रत्येक पंपरूमच्या दारामागे ऑइलपेंटने लिटरचा आकडा लिहून ठेवतो. माणसं बदलतात, आकडा भिंतीवर राहतो.

रोज काय करायचं आणि आठवड्याला काय?

रोज सकाळी पूलभोवती एक फेरी मारा. जाळीने पानं काढा, स्किमरची, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडाची, टोपली रिकामी करा, पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर आहे ना बघा. पातळी त्याखाली गेली की पंप हवा ओढतो, आणि कोरडा चाललेला पंप थोड्या वेळात सील जाळून घेतो. पंपाचा आवाज कानात बसू द्या. घरघर किंवा खडखड ऐकू आली की आधी पंपापुढची केस-कचरा अडवणारी जाळी उघडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

आठवड्यातून एकदा ब्रश आणि व्हॅक्यूम. ब्रश सगळ्यात जास्त टाळला जातो आणि सगळ्यात जास्त तोच वाचवतो. शेवाळ पहिल्यांदा जिथे पाणी फिरत नाही तिथे बसतं: शिडीच्या पाइपामागे, पायऱ्यांच्या काठाखाली, दिव्याच्या रिंगभोवती, टाइल्सच्या ग्राउटमध्ये, म्हणजे सांध्यांतल्या भरणीत. तिथे बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर पाणी कितीही निळं दिसो, शेवाळ सुरू झालंय.

महिन्यातून एकदा अल्कलिनिटी (पाण्याची आम्लता एका जागी धरणारे क्षार), हार्डनेस (पाण्यातला कॅल्शियम) आणि सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून सांभाळणारं) तपासून घ्या.

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय. तरी तपासायचं कशाला?

कारण डोळ्याला फक्त गाळ दिसतो. क्लोरीन शून्यावर आलेलं पाणीसुद्धा दोन-तीन दिवस झकास दिसतं, आणि त्याच दिवसांत त्यात पोहलेल्या मुलांचे कान दुखायला लागतात, डोळे येतात, पोटं बिघडतात. माझं सगळ्यांना हात जोडून सांगणं एवढंच असतं की आधी मोजा, मग टाका. वापर असेल तर दररोज, नसेल तर दिवसाआड.

नमुना घेताना कोपरापर्यंत हात बुडवून, पाणी आत येणाऱ्या तोंडापासून लांब, तपासणी किटची नळी उलटी नेऊन तिथे सुलटी करा. वरचं पाणी घेतलं तर उन्हातलं आणि तेलकट थरातलं पाणी येतं. थेंब टाकून नळी हलवा आणि पांढऱ्या भिंतीसमोर धरून रंग जुळवा. निळ्या टाइल्ससमोर धरली की रंग हमखास चुकतो.

स्वस्त किटमध्ये क्लोरीनला पिवळा रंग येतो. तो एकूण क्लोरीन दाखवतो, कामाचा आणि वापरून संपलेला, दोन्ही. डीपीडी किटमध्ये गुलाबी रंग येतो आणि फ्री, म्हणजे अजून न वापरलेला, क्लोरीन वेगळा कळतो. थोडे पैसे जास्त घाला, डीपीडीच घ्या. एक सावधगिरी: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग येऊन लगेच उडतो आणि नळी कोरी दिसते. ताज्या डोसनंतर शून्य दिसलं तर अर्धं नमुन्याचं, अर्धं साधं पाणी घेऊन पुन्हा तपासा.

आकडे असे हवेत: फ्री क्लोरीन १ ते ३ पीपीएम, पीएच (आम्लता-क्षारतेचं माप) ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी ८० ते १२०, कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४००, सायन्युरिक ॲसिड ३० ते ५०.

पीएचचं एवढं काय?

क्लोरीन पाण्यात गेला की त्याची दोन रूपं होतात. एक रूप जंतू मारतं, दुसरं जवळपास नुसतं बसून राहतं. कुणाचा वाटा किती, ते पीएच ठरवतो. ७.५ ला साधारण निम्मा क्लोरीन कामाचा असतो. पीएच ८ वर गेला की जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा उरतो. म्हणजे पीएच न बघता क्लोरीन ओतत राहिलात तर पैसे पाण्यात जातात, अक्षरशः. उलट ७ च्या खाली गेला तर डोळे चुरचुरतात, ग्राउट झिजतं, शिडीचा स्टील काळवंडतो.

वाढवायला सोडा ॲश, कमी करायला हायड्रोक्लोरिक ॲसिड. पीएच एका जागी टिकत नसेल तर बहुधा अल्कलिनिटी कमी आहे. तिथे खाण्याचा सोडा चालतो: नमुना पूलमध्ये १० पीपीएम वाढवायला साधारण ८०० ग्रॅम.

ॲसिड एका वेळी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त घालू नका. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड, हा क्रम कधीही उलटा नको. पंप चालू ठेवून खोल टोकाला, वारा पाठीवर घेऊन, हळूहळू ओता. चार तासांनी पुन्हा मोजा.

क्लोरीनचा उग्र वास येतोय. म्हणजे जास्त झाला ना?

जवळपास नेहमी उलट असतं. घाम, लघवी, साबण, तेल यांच्याशी भिडून क्लोरीन थकला की क्लोरामाइन तयार होतात. नाकाला झोंबतो तो वास त्यांचा. लोक वास आला म्हणून क्लोरीन बंद करतात आणि दुखणं वाढतं. इथे एकदा जोरदार डोस द्यावा लागतो. एकूण क्लोरीनमधून फ्री क्लोरीन वजा करा, येईल त्या आकड्याच्या दहापट पीपीएम. हा डोस संध्याकाळी द्या, पंप रात्रभर चालवा. त्याआधी सगळ्यांना आंघोळ करून मगच पाण्यात उतरायची सवय लावा. मिनिटभर शॉवर घेतला तरी पुष्कळ फरक पडतो.

लिक्विड, पावडर की गोळ्या?

तिन्ही चालतात, पण तिघांच्या खोडी वेगळ्या.

लिक्विड, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, १० टक्के ताकदीचं असेल तर आपल्या पूलला १ पीपीएमसाठी साडेचारशे मिली लागतं. ते उन्हात आणि उकाड्यात भराभर उतरतं. एप्रिल-मेमध्ये महिनाभर पंपरूममध्ये पडलेला कॅन अर्ध्या ताकदीचा निघाला तर नवल नाही. म्हणून लहान कॅन घ्या, सावलीत ठेवा, तारीख लिहा.

पावडर म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट. ६५ टक्केवाल्या दाण्यांचे ७० ग्रॅम पुरतात. साध्या ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि चुन्याचा गाळ भरपूर राहतो. ती वापरायचीच असेल तर बादलीत कालवून, निवळलेलं पाणीच पूलमध्ये घाला.

गोळ्या सगळ्यात सोयीच्या, म्हणून सगळ्यात लाडक्या. त्या ट्रायक्लोरच्या असतात आणि क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड सोडतात. हे ॲसिड उन्हापासून क्लोरीनला सांभाळतं, त्यामुळे थोडं हवंच. पण ते उडत नाही, साठत जातं. २०० ग्रॅमची एक गोळी आपल्या पूलमध्ये सुमारे अडीच पीपीएम घालते. आठवड्याला तीन गोळ्या धरल्या तर दिवाळीपासून होळीपर्यंत शंभरी ओलांडते. एवढं झालं की क्लोरीन बांधला जातो, तपासणीत ३ दिसतो आणि शेवाळ तरीही वाढतं.

कोलशेतच्या एका घरी मी असाच पूल बघितला. घरच्या काकू हवालदिल. म्हणाल्या, "अहो, चार किलो पावडर घातली, तरी हिरवं ते हिरवंच!" किटमध्ये क्लोरीन भरपूर होता. सायन्युरिक ॲसिडच्या नळीत तळाचा काळा ठिपका गायब व्हायला पाण्याचा जेमतेम दोन बोटं थर पुरला, इतकं ते साठलेलं. यावर औषध नाही. निम्मं पाणी काढून नवीन भरावं लागलं. तेव्हापासून त्यांच्याकडे गोळ्या फक्त घरचे गावाला गेले की, बाकी वर्षभर लिक्विड.

डोस कुठलाही असो, सूर्यास्तानंतर द्या. सायन्युरिक ॲसिड नसलेल्या पाण्यातला क्लोरीन भर उन्हात दोन तासांत बहुतेक उडून जातो.

ही रसायनं घरात ठेवणं धोक्याचं आहे का?

हो. नीट ठेवली तर सांभाळता येतात, पण हे उत्तर घाईत वाचू नका.

ॲसिड आणि कुठलाही क्लोरीन एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि फुप्फुसं जाळतो. बहुतेक पंपरूम जमिनीखाली, चार पायऱ्या उतरून असतात, म्हणजे वायू साचायला अगदी तयार खड्डा. दोन्ही कॅन एकाच कपाटात नकोत. ॲसिड एका बाजूला, क्लोरीन दुसऱ्या बाजूला, मध्ये अंतर, दाराला जाळी, वर हवा खेळेल अशी खिडकी.

दुसरं, कमी लोकांना ठाऊक असलेलं: गोळ्या आणि पावडर हे दोन्ही क्लोरीनच, पण एकत्र आले तर पेट घेतात, स्फोटही होतो. गोळ्यांच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डबीत, पावडर टाकू नका. एका डब्यातला चमचा दुसऱ्यात नको, दोन्हींना वेगवेगळ्या रंगाचे मग ठेवा. आणि कोरड्या पावडरवर पाणी ओतायचं नाही, पाण्यात पावडर टाकायची.

सुरुवातीच्या काळात माझ्याबरोबरच्या एका मुलाने ॲसिडच्या रिकाम्या वाटलेल्या बादलीत लिक्विड ओतलं होतं. बादलीच्या तळाला चहाच्या कपाएवढं ॲसिड होतं. हिरवट-पिवळा धूर गुडघ्यापर्यंत आला, मुलगा खोकत पायऱ्यांवर कोसळला. त्याला ओढून वर मोकळ्या हवेत आणलं, दवाखान्यात नेलं, दोन दिवसांनी घरी आला. ती बादली मी त्याला विसळून दिली नव्हती, चूक माझी होती. तेव्हापासून रबरी हातमोजे, गॉगल आणि मास्क घातल्याशिवाय आमच्याकडे कुणी झाकण उघडत नाही. तुमच्याकडे येणारा माणूस उघड्या हाताने ॲसिड ओतत असेल तर त्याला थांबवा. हातमोजे तुम्ही आणून द्या.

ओव्हरफ्लो पूलची बॅलन्सिंग टाकी (काठावरून वाहिलेलं पाणी जमा होतं ती) साफ करायला एकट्याला आत उतरवू नका. झाकण उघडून हवा खेळू द्या, वर दुसरा माणूस उभा हवा, आणि आतला बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घालायची नाही.

पाणी हिरवं झालं. आता?

पूलचा वापर बंद. पानं आणि कचरा काढा, भिंती आणि तळ घासून काढा, पीएच ७.२ च्या आसपास आणा, आणि संध्याकाळी क्लोरीन १० पीपीएमपर्यंत न्या. आपल्या पूलला ताजं लिक्विड साडेचार लिटर. पंप सलग चालू. दुसऱ्या दिवशी पाणी राखाडी, दुधाळ दिसलं की समजा शेवाळ मेलंय. मेलेलं शेवाळ फिल्टरमध्ये अडकतं, त्यामुळे दिवसातून दोनदा बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, लागू शकतो. क्लोरीन पुन्हा पडला असेल तर पुन्हा १० वर न्या. तळ स्वच्छ दिसेपर्यंत आणि क्लोरीन ३ वर येईपर्यंत कुणालाही उतरू देऊ नका. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं मूल दिसत नाही, हे मोठं कारण.

मोरचूद आणि तुरटी चालते का?

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. शेवाळ मारतं, पण जंतूंसाठी क्लोरीनच हवा. जास्त झालं तर टाइल्सवर निळसर-काळे डाग आणि केसांवर हिरवट झाक. मी वापरत नाही. तुरटी गढूळ पाणी निवळायला चांगली: रात्री विरघळवून सोडा, पंप बंद, सकाळी तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर काढा, फिल्टरमधून नेऊ नका. तुरटीने पीएच खाली येतो, नंतर तपासा.

बॅकवॉश किती दिवसांनी करायचा?

दिवस मोजू नका, फिल्टरवरचं दाबाचं गेज बघा. फिल्टर स्वच्छ असताना काटा जिथे असतो तिथे मार्करने रेघ मारा. काटा त्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वर चढला की बॅकवॉश. उगाच दर दोन दिवसांनी केला तर पाणी वाया जातं, शिवाय थोडी मळलेली वाळू स्वच्छ वाळूपेक्षा बारीक कण जास्त चांगले धरते.

पंप बंद करा. मल्टिपोर्टचा, म्हणजे फिल्टरवरच्या पाण्याची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा, दांडा बॅकवॉशवर आणा. पंप चालू. काचेच्या डोळ्यात आधी चहासारखं पाणी येईल, मग निवळेल, दोन-तीन मिनिटं लागतात. पंप बंद, दांडा रिन्सवर, अर्धा ते एक मिनिट, पंप बंद, पुन्हा फिल्टरवर. पंप चालू असताना दांडा फिरवला तर आतलं गॅस्केट फाटतं आणि पाणी गुपचूप ड्रेनमधून जात राहतं. वाळू साधारण पाच ते सात वर्षांनी बदला.

पावसाळ्यात पूल रिकामा करून ठेवला तर बरं ना?

अजिबात नको, आणि नवी मुंबईत तर मुळीच नको. जुलैमध्ये जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. भरलेल्या पूलचं वजन त्याला दाबून ठेवतं. रिकामा केला की खालच्या पाण्याचा दाब त्याला होडीसारखा उचलतो: तळ फुगतो, टाइल्स सुटतात, पाइप तुटतात. बेलापूर, नेरूळ, वाशीचा बराच भाग खाडीलगतचा सखल, इतका की भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला सिडकोला धारण तलाव बांधावे लागले. तिथे हा धोका सगळ्यात जास्त. ठाण्यात उतारावरच्या बंगल्यांना डोंगराचं पाणी पाझरून येतं, तेही तेवढंच वाईट. तळाचं काम काढायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा.

पावसात पूल भरलेला ठेवा, पंप चालू ठेवा. १०० मिलिमीटर पाऊस पडला की आपल्या पूलमध्ये ३,२०० लिटर पाणी वाढतं. क्लोरीन पातळ होतो, अल्कलिनिटी उतरते, पानामातीबरोबर शेवाळाचं खाद्य येतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर मोठ्या सरीनंतर प्रत्येक वेळी मोजायचं. एक फायदाही आहे, साठलेलं सायन्युरिक ॲसिड वाहून जातं.

रस्त्यावरचं किंवा गटाराचं पाणी आत शिरलं असेल तर मात्र पोहणं बंद. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पाणी काढता येण्याजोगं असेल तर पाऊस ओसरल्यावर थोडं थोडं बदला, जोरदार डोस द्या, आकडे जागेवर आल्यावरच वापर.

बेडूक हमखास येतात. काठाला एक फळी तिरपी टेकवून ठेवा, बिचारे स्वतःच चढून जातात. येऊरकडे दिवडही दिसतो, पाण्यातला बिनविषारी साप. ओळख पक्की नसेल तर हात लावू नका, वन विभागाच्या १९२६ वर फोन करा.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी चालेल?

चालतं, पण भरल्यावर लगेच हार्डनेस आणि पीएच बघा. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकताच पाणी चहासारखं तपकिरी होतं. लोक घाबरतात. ते लोह आहे. पीएच जागेवर ठेवून फिल्टर सलग चालवा, बॅकवॉश करत राहा, दोन-तीन दिवसांत उतरतं. हार्डनेस ४०० च्या वर असेल तर पाण्याच्या रेषेवर पांढरा थर बसतो. घोडबंदर रोडला उन्हाळ्यात पिण्यासाठीच टँकर मागवावे लागतात. अशा वेळी पूलचं पाणी बदलायचा हट्ट करू नये असं मला मनापासून वाटतं. नीट सांभाळलेलं पाणी वर्षानुवर्षं टिकतं.

पातळी रोज उतरते. गळती आहे का?

एप्रिल-मेमध्ये रोज पाच-सात मिलिमीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं, आपल्या पूलमधून जवळपास दोनशे लिटर. खात्री करायला बादली पूलच्या पाण्याने भरून पहिल्या पायरीवर ठेवा, आत आणि बाहेर पातळीला खूण करा. चोवीस तासांनी दोन्ही सारख्या उतरल्या तर ऊन. बाहेरची जास्त उतरली तर गळती. पंप चालू असताना जास्त उतरत असेल तर आधी पाइप आणि मल्टिपोर्टवर संशय घ्या.

पंप किती तास चालवू? बिल फार येतं.

सगळं पाणी दिवसातून एकदा तरी फिल्टरमधून जायला हवं. बहुतेक घरी सहा ते आठ तास. एक हॉर्सपॉवरचा पंप तासाला साधारण एक युनिट खातो, म्हणजे महिन्याला दोनशेच्या आसपास युनिट. वेग कमी-जास्त करता येणारा पंप घेतला तर निम्म्या वेगाला वीज जवळपास आठव्या हिश्शावर येते. तो जास्त तास चालवावा लागतो, तरी बिल कमीच.

सणासुदीला पूलचं काय होतं?

शनिवारी डोक्याला खोबरेल चोपडून थेट पाण्यात उतरायचं, हे प्रत्येक घरी आहे. तेल टाइल्सच्या रेषेवर चिकटतं, त्यावर मळ बसतो. पोहून झाल्यावर तेल लावा. टाइल्सवरची चिकट रेघ खाण्याच्या सोड्याने निघते.

हळदीच्या कार्यक्रमात हळद पाण्यात गेली तर घाबरू नका. पीएच चढलेला असेल तर ती लालसर दिसेल, पण क्लोरीन आणि ऊन तिला दोन दिवसांत पांढरं करतात. रंगपंचमीचे पक्के रंग मात्र ग्राउटमध्ये बसतात, त्या दिवशी पूलला कुलूप.

शाडूच्या गणपतीचं विसर्जन पूलमध्ये करू का, असंही विचारतात. भावना समजते, पण नको. शाडू फिल्टरच्या वाळूत जाऊन गच्च बसते, निर्माल्याने शेवाळ वाढतं. अंगणात मोठ्या टबात विसर्जन करा, माती तुळशीला घाला, किंवा महापालिकेच्या कृत्रिम तलावावर जा.

लहान मुलाने पाण्यात शी केली.

सगळ्यांना बाहेर काढा. घट्ट असेल तर जाळीने काढून जाळी तिथेच क्लोरीनच्या पाण्यात बुडवा. पीएच ७.५ किंवा कमी आणि क्लोरीन २ पीपीएम ठेवून अर्धा तास थांबा. जुलाबाची असेल तर प्रकरण गंभीर, कारण त्यात असू शकणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी साध्या क्लोरीनला दाद देत नाही. त्या दिवशी पूल बंद करून जाणकाराकडून मोठा डोस करून घ्या. जुलाब झालेल्याने बरं वाटल्यावरही दोन आठवडे पूलमध्ये उतरू नये.

पूल वापरात नाही. डास होतील का?

होतात. अंड्यापासून डास उडायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यूच्या डासाला स्वच्छ साचलेलं पाणीच आवडतं. पंप रोज चालू, क्लोरीन जागेवर, आठवड्याला ब्रश. स्किमरची टोपली, बंद कारंज्याचं कुंड आणि पूलवर पसरलेल्या ताडपत्रीवरचं तळं विसरू नका, बहुतेक अळ्या तिथेच सापडतात.

घरात लहान मुलं आहेत. आणखी काय करावं?

सव्वा मीटर उंच कुंपण, आपोआप बंद होणारं दार, कडी मुलाच्या हाताच्या वर. पोहून झालं की खेळणी उचला, तरंगता चेंडू बघूनच मूल परत येतं. बुडणारं मूल ओरडत नाही, शांतपणे जातं. म्हणून मोठ्या माणसाने मुलापासून हाताच्या अंतरावर, मोबाइल बाजूला ठेवून बसायचं. तळाच्या ड्रेनचं झाकण तुटलेलं असेल तर बदलेपर्यंत पूल बंद, त्या ओढीत केस आणि हात अडकतात.

कुणी बुडालं आणि श्वास नसेल तर पोट दाबू नका, उलटं लटकवू नका. तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब सुरू करा, दुसऱ्याला १०८ ला फोन करायला लावा.

पाण्यातला दिवा १२ व्होल्टचाच हवा, पंपाच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवा. त्याचं टेस्ट बटण महिन्याला दाबा. पाण्यात हाताला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर बाहेर या, मेन बंद करा, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत कुणी उतरायचं नाही.

मिठाचा पूल केला तर क्लोरीनची कटकट संपेल का?

मिठापासून यंत्र क्लोरीनच बनवतं, त्यामुळे तपासणी तीच. हजार लिटरला ३ ते ४ किलो, म्हणजे आपल्या पूलला १३५ ते १८० किलो बिनआयोडीनचं मीठ. पाणी अंगाला मऊ लागतं, कॅन वाहून आणावे लागत नाहीत. पीएच सारखा वर चढतो, यंत्राच्या सेलवर (क्लोरीन तयार होतो त्या पट्ट्यांवर) क्षार बसतात, आणि हे बॅकवॉशचं पाणी झाडांना घालता येत नाही.

देखभालीला माणूस ठेवलाय. मग मी काय बघायचं?

पंपरूममध्ये दोरीने बांधलेली एक वही. तारीख, क्लोरीन, पीएच, गेजचा आकडा, काय टाकलं आणि किती. महिन्यातून दोनदा तुम्ही स्वतः किट घेऊन मोजा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघा. सलग तीस दिवस ७.४ आणि २.० लिहिलेलं असेल तर मोजणी झालेली नाही. माणसाला रागवण्याआधी किटच्या बाटल्यांवरची तारीख बघा. थेंब वर्षभरात जुने होतात, आणि पुष्कळदा नवे आणून देणं मालकाच्याच डोक्यातून निघून गेलेलं असतं.